जास्वंदीला उतार नको होता

जास्वंदी पुढचे दोन पाय पायरीवर आणि मागचे दोन खाली, अशी उभी होती.

तिची दावण गोठ्याच्या दाराशी होती आणि दाराला वीतभर उंचीची सिमेंटची पायरी होती. शेवंती पहाटे बादली घेऊन आली तेव्हा तिला आधी हसूच आलं. "काय गो, कुठं निघालीस एवढ्या लवकर?" म्हणत तिनं गायीच्या मानेवर थाप मारली, तिला मागं घेतली आणि धारेला बसली. रोज सकाळी बादली अकरा लिटरच्या खुणेला लागायची. त्या दिवशी नऊवर थांबली. शेवंतीनं चारी सड पुन्हा पिळून पाहिले. कासेला गाठ नाही, कढतपणा नाही, दुधात काही नाही.

बादली उचलून ती वळली, आणि मागं पाहते तर गाय पुन्हा पायरीवर. मान पुढं काढलेली, पाठीला किंचित पोक, आणि पुढच्या पायांची कोपरं अंगापासून सुटी. काखेत गळू झालेला माणूस हात धरतो तशी.

आता शेवंतीला हसू आलं नाही.

करंजपाडा हे टिटवाळ्याच्या अलीकडचं, काळू नदीच्या अंगाचं गाव. शेवंती लग्न होऊन आली तेव्हा घराच्या मागच्या दारातून भाताची खाचरं थेट नदीपर्यंत दिसायची. आता तीन बाजूंना टॉवर उभे राहिले होते आणि चौथ्या बाजूला पाया खणला जात होता. गावातल्या बहुतेकांनी जमिनी देऊन बंगले बांधले आणि जनावरं विकली. शेवंतीच्या नवऱ्यानं, उत्तमनं, मात्र गोठा ठेवला. रस्त्यात जमीन गेली तेव्हा बाकीच्यांनी गाड्या घेतल्या, हा सौराष्ट्रात जाऊन एक गाभण गीर गाय घेऊन आला. लोक हसले. ती गाय वासरू टाकून तिसऱ्या दिवशी मेली, तेव्हा तर जास्तच हसले.

ते वासरू म्हणजे जास्वंदी. तांबडी लाल, कपाळ घागरीसारखं पुढं आलेलं, कान लांब, पानासारखे दुमडलेले. शेवंतीनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली. पहिला महिनाभर ती तिच्याजवळ गोठ्यातच गोधडी टाकून झोपायची. मुलगा सुदेश तेव्हा बारावीला होता, तो म्हणायचा, "आई, माझ्या वेळी पण एवढं केलेलंस का गं?"

गाय वाढली, व्याली, आणि मग उत्तमचं खरं काम सुरू झालं. प्रदर्शनातली गाय नुसती दुधाची असून चालत नाही. तिला चालता यायला हवं, हजार माणसांत उभं राहता यायला हवं. उत्तम तिला रोज सकाळी नव्या रस्त्यावरून फिरवायचा, डंपर अंगाजवळून गेला तरी बिचकू नये म्हणून. शिंगांना तेल, खुरांना कानस, सरकीची पेंड, मक्याचा भरडा, थंडीत मेथी आणि गूळ. दोन वर्षं लागोपाठ जास्वंदी तालुक्याला पहिली आली. दोन्ही वेळा उत्तमच्या डोक्याला फेटा बांधला गेला आणि जे हसले होते तेच त्याच्याबरोबर फोटो काढायला उभे राहिले. हे तिसरं वर्ष होतं. कल्याणला माघी गणपतीच्या आठवड्यात प्रदर्शन होतं आणि त्याला बारा दिवस उरले होते.

"आवं, ती खाली उभी राहत नाय," शेवंती घरात येऊन म्हणाली. "आनी दोन लिटर कमी दिलान."

उत्तम दाढी करत होता. त्यानं वस्तरा थांबवला नाही. "जनावर हाय. एक दिस कमी, एक दिस जास्त."

"जास्वंदीचा तसा नसतो."

तेवढं ऐकल्यावर मात्र तो उठला.

त्यानं गावात फिरणाऱ्या तरुण डॉक्टरला बोलावलं. त्यानं पोटात गॅस धरलाय म्हणून औषध दिलं आणि दुखण्याचं इंजेक्शन टोचलं. दुसऱ्या दिवशी दूध साडेदहा. गाय नीट खाली उभी, रवंथ करतेय. उत्तमनं शेवंतीकडं पाहून मिशीत हसून घेतलं. तिसऱ्या दिवशी इंजेक्शन उतरलं आणि गाय पुन्हा पायरीवर चढली. आता शेण टाकताना ती कण्हायची. मोठ्यानं नाही. जड पोतं उचलताना माणूस करतो तसा एक हुंकार, नाकातल्या नाकात.

शेवंतीनं तो हुंकार ऐकला. आणि तिला दुसराच एक आवाज आठवला.

पंधराएक दिवसांपूर्वीची गोष्ट. दुपारी ती कुट्टीच्या मशिनीत हिरवा चारा घालत होती. मशीन एका लयीत चालते, खस् खस् खस्. मध्येच तिनं ‘कड्’ असा आवाज केला, मग लगेच पुन्हा ‘कड् कड्’, आणि पुन्हा खस् खस्. शेवंतीनं मशीन बंद केली. कापलेल्या चाऱ्यात हात घातला तर बोटाला टोचलं. बोटभर लांबीचा तारेचा तुकडा, दोन्ही टोकांना तिरका कापलेला, सुईसारखा. काळी, मऊ तार. इमारतीच्या सळया बांधतात ती.

ती कुठून आली हे तिला विचारायची गरज नव्हती. सुदेश बांधकामाच्या मालाचा सप्लायर होता. सकाळी त्याचा टेम्पो साइटवर सळया, तारेची बंडलं टाकायचा आणि संध्याकाळी येताना खडवलीकडून गुरांसाठी हत्तीगवत भरून आणायचा. तेही गेल्या महिन्यापासून. त्याआधी बापलेकांत वर्षभर बोलणं नव्हतं. सुदेशनं गोठ्यात काम करणार नाही असं सांगितलं होतं, आणि उत्तमनं "मग माझ्या पंगतीला पन बसू नको" म्हटलं होतं. एक दिवस चारेवाला आला नाही, आणि सुदेशनं काही न बोलता टेम्पोभर गवत दारात आणून टाकलं. त्या रात्री दोघं शेजारी बसून जेवले. शेवंतीनं देवापुढं साखर ठेवली.

म्हणून तो तारेचा तुकडा तिनं कुंपणापलीकडच्या नाल्यात फेकला. बाकीचा चारा बोटांनी चाळून पाहिला, आणखी काही सापडलं नाही. आवाज तीनदा झाला होता हे तिनं मनात दाबून टाकलं. संध्याकाळी उत्तमनं विचारलं, "पात्याला खाच कशी पडली गो?" तर ती म्हणाली, "दगड आला असंल." आणि चारा गव्हाणीत घातला.

आता प्रदर्शनाला नऊ दिवस होते, आणि उत्तमनं ओक डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टर त्र्यंबक ओक सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन ठाण्याला कोपरीत राहत होते. सत्तरी उलटली होती, पण तालुक्यातल्या जुन्या गोठेवाल्यांचा भरवसा त्यांच्यावरच. ते आले आणि गायीला हात लावण्याआधी पाच मिनिटं नुसते लांबून बघत राहिले. मग म्हणाले, "तिला बाहेर घ्या. त्या भरावावर चढवा."

गोठ्यामागं इमारतीच्या पायासाठी खणलेल्या मातीचा भराव पडला होता. जास्वंदी त्यावर झरझर चढली.

"आता उतरवा."

उत्तमनं कासरा ओढला. गाय हलली नाही. पुन्हा ओढला. तिनं एक पाय पुढं टाकला, तो उचलून परत मागं घेतला आणि हुंकार दिला. शेवटी तिला फेरा घालून, सपाट बाजूनं खाली आणावी लागली.

डॉक्टरांनी वशिंडाच्या मागची कातडी दोन्ही हातांच्या चिमटीत धरून दाबली. धडधाकट गाय अशा वेळी पाठ खाली घालते. जास्वंदीनं पाठ ताठ केली आणि श्वास रोखून धरला. मग त्यांनी छातीला बराच वेळ नळी लावून ऐकलं.

"उत्तमराव, चाऱ्यात तार, खिळा असं काही येण्यासारखं आहे का?"

"माझ्या गोठ्यात?" उत्तम म्हणाला. "डॉक्टरसाहेब, टाचनी मिलायची नाय."

डॉक्टरांनी शेवंतीकडं पाहिलं. शेवंती जास्वंदीच्या कानामागं खाजवत राहिली.

"कसंय," डॉक्टर म्हणाले, "गाय चावून खात नाही. आधी गिळते, मग रवंथ. टोकदार काही गेलं की ते दुसऱ्या पोटात पडतं, आणि त्या पोटाच्या पुढं चार बोटांवर काळीज आहे. मधे फक्त एक पडदा. गाय उतारावर आली की पोटाचा सगळा भार पुढं येतो. ती उतरत नाही, ती स्वतःला सांभाळतेय. तार खाल्ली हे नक्की माहीत असतं तर मी आत्ता, इथं, डावी कूस उघडून काढली असती. नुसत्या संशयावर तुमची चॅम्पियन गाय कापायची म्हणजे…" ते थांबले. "तुम्हीच सांगा."

हीच ती वेळ होती. शेवंतीला पुढं आयुष्यभर ही वेळ दिवसाच्या कुठल्याही प्रहरी आठवणार होती. ऊन कुठवर आलं होतं, डॉक्टरांच्या शर्टाच्या खिशाला शाईचा डाग होता, सगळं. तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात फाटकातून सुदेशचा टेम्पो, रोजच्यापेक्षा लवकर, आत आला. मागच्या बाजूला हिरवंगार गवत भरलेलं, आणि उतरता उतरता तो बापाला म्हणाला, "बाबा, आज कोवळं मिळालंय, बघा." उत्तमचा चेहरा उजळला.

तिनं तोंड मिटलं.

डॉक्टरांनी गायीच्या घशात बोटाएवढा गुळगुळीत लोहचुंबक घातला. आत तार असलीच तर ती त्याला चिकटून धरून राहील, म्हणाले. पुढचे पाय उंचावर राहतील अशी फळी बांधायला सांगितली, औषधं लिहून दिली. "दहा दिवस जागेवरून हलवायची नाही. ट्रकमध्ये तर नाहीच."

"नवव्या दिवशी परदर्शन हाय," उत्तम म्हणाला.

"मला माहीत आहे. मला तिथं पाहुणा म्हणून बोलावलंय," डॉक्टर म्हणाले आणि बॅग उचलून निघाले.

संध्याकाळी शेवंतीनं सुदेशला टेम्पोच्या मागं गाठलं आणि सगळं सांगितलं. तो आधी म्हणाला, "अगं आई, टेन्शन नको घेऊ, असं नसेल." मग त्यानं टेम्पोतली ताडपत्री उचलली. फळ्यांच्या फटीत, कोपऱ्यांत, गवताच्या काड्यांमध्ये काळी तार होती. सुटी, गुंडाळलेली, तुटलेली. तो गुडघ्यांवर बसून ती एकेक वेचायला लागला.

"आई, बाबांना आत्ता नको सांगू. प्लीज. प्रदर्शन होऊ दे. मीच सांगतो नंतर."

"आनी तोवर तिला काय झाला तर?"

"चुंबक घातलाय ना डॉक्टरनी?" तो म्हणाला. तेवीस वर्षांचा मुलगा, पण आवाज सात वर्षांच्या पोराचा आला.

आणि खरंच, जास्वंदी सुधारली. फळीवर उभी राहून रवंथ करायला लागली. दूध नऊवरून साडेनऊ, मग दहा, मग साडेदहा. उत्तम रोज बादली घरात आणून सगळ्यांना दाखवायचा. त्याचा पुतण्या कमलेश प्रदर्शनाचा संयोजक होता, तो येऊन तिच्याबरोबर सेल्फी काढून गेला. "काका, यंदा हॅटट्रिक! टिटवाळ्यापासून कल्याणपर्यंत सगळीकडे जास्वंदीचेच बॅनर लावलेत." शेवंतीनं नाक्यावरचा बॅनर पाहिला. त्यावर गाय हत्तीएवढी दिसत होती. तिच्या पोटाचा भाग विजेच्या डीपीवर आला होता आणि तिथं बरोबर ‘धोका’ लिहिलेली पाटी बाहेर डोकावत होती. शेवंतीनं नजर वळवली आणि भाजी न घेताच घरी आली.

सुधारलेली गाय बघून सगळ्यांना बरं वाटत होतं. शेवंतीला मात्र तिचं सुधारणं बघवत नव्हतं. ती गायीच्या छातीला कान लावून उभी राहायची. आत ठोके पडत होते, जड, सावकाश. ते नेहमी असेच पडायचे की नाही, हे तिला आठवेना, आणि त्याचीच तिला भीती वाटायची.

प्रदर्शनाच्या सकाळी ट्रक आला. "डॉक्टर काय बोलला व्हता?" शेवंतीनं विचारलं. उत्तम म्हणाला, "तूच बघ तिच्याकडं. आजारी दिसते?" जास्वंदी धुतलेली, तेल लावलेली, पाठीवर मखमली झूल. ट्रकला फळी लावल्याबरोबर ती स्वतःहून वर चढली. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. "बघ, तिलाच घाई झालीय!" कुणीतरी ओरडलं. शेवंतीला तेवढं कळत होतं की चढण तिला बरी वाटते म्हणून ती चढली.

शेवंती ट्रकमध्ये गायीजवळच उभी राहिली. सुदेश मोटरसायकलवरून मागं येत होता. रस्त्याला गतिरोधक लागले की गाय डोळे मोठे करायची. शेवंती तिच्या गळ्यात हात टाकून मोजत होती. सतरा गतिरोधक.

कल्याणच्या मैदानावर मांडव, भोंगे, पोरांची गर्दी, गुळाच्या ढेपा विकणारे. ट्रकची फळी टाकली आणि जास्वंदी उतरेना. उत्तमनं चुचकारलं, गूळ दाखवला, मग कासरा आवळला. मागून चार जणांनी रेटलं. ती उतरली, पण उतरताना तो हुंकार एवढा स्पष्ट आला, की उत्तमचा हात क्षणभर कासऱ्यावरच थांबला. त्यानं शेवंतीकडं पाहिलं नाही.

पंचांसमोर सकाळची धार झाली. अकरा लिटर. मैदानात आरोळी उठली. आता फक्त परेड उरली होती. दोरी लावलेल्या रिंगणात पाच गायी एकामागून एक फिरणार, पंच चाल बघणार. उत्तमनं पांढरा सदरा घातला होता, कासरा डाव्या हातात सैल धरला होता. जास्वंदी पहिल्या फेरीत अशी चालली की बाकीच्या गायींकडं कुणी बघेना. पुढच्या रांगेत बसलेले ओक डॉक्टर तेवढे उभे राहिले होते.

मैदानाच्या दक्षिणेला जमीन जराशी उतरती होती. पाहणाऱ्याला कळणारही नाही, पाणी टाकलं तर त्या बाजूला वाहील एवढीच. दुसऱ्या फेरीत तिथं आल्यावर जास्वंदी थांबली. उत्तमनं जीभ टाळ्याला लावून आवाज केला. ती हलली नाही. तिची कोपरं बाहेर आली, पाठ वर गेली, आणि खांद्यावरची कातडी थरथरायला लागली. मागची गाय अडली. भोंग्यावरचा निवेदक म्हणाला, "चॅम्पियन जरा नखरा करतेय, मंडळी!" लोक हसले.

शेवंती दोरीखालून आत गेली.

"बायको आली मैदानात!" कुणीतरी शिट्टी वाजवली. तिनं उत्तमचा कासऱ्याचा हात घट्ट धरला.

"तिच्या पोटात तार हाय," ती म्हणाली. "मी बघितलेली. कुट्टीत आलेली. एक मी फेकली, बाकीच्या तिच्या पोटात गेल्या."

उत्तम तिच्याकडं बघत राहिला. कमलेश माइक ठेवून धावत आला होता. "काकू, काय चाललंय? काका, फक्त दोन मिनिटं. एक फेरी, मग मी स्वतः डॉक्टर…"

"एक फेरी पन नाय," उत्तम म्हणाला. त्यानं झुलीची गाठ सोडली, ती काढून कमलेशच्या हातात दिली आणि गळा काढल्यासारखा ओरडला, "डॉक्टर!"

रिंगणाच्या कडेच्या मांडवातच, पडदे ओढून, दुपारी साडेअकराला ओक डॉक्टरांनी आणि तिथल्या एका सरकारी डॉक्टरनं गायीची डावी कूस उघडली. गाय उभीच होती. कूस बधिर केली होती. सुदेश तिचं तोंड धरून होता. शेवंतीला आणि उत्तमला बाहेर बसवलं. दोघं उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसले. पलीकडं दुसऱ्याच कुणाला तरी फेटा बांधला जात होता, हलगी वाजत होती.

उत्तम म्हणाला, "मना ठावं व्हता."

"काय?"

"पात्याची खाच मीच घासली ना. दगडानं पाता बोथट व्हतो. गोल खाच पडत नाय. तार कापली तर पडते." तो आपल्या तळव्यांकडं बघत होता. "त्याच दिशी मना समजलेला."

"मग डॉक्टरनी विचारला तवा…?"

"तवा बोललो असतो तर पोराचा नाव आला असता. पुन्हा घरापासून तुटला असता." हलगी जवळ आली आणि लांब गेली. "आनी परदर्शन व्हता. तो पन व्हता मनात. खोटा कशाला सांगू?"

शेवंतीनं त्याच्याकडं पाहिलं नाही. तिला राग आला होता, आणि तो कुणाचा, हे तिला वेगळं काढता येत नव्हतं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत भरला होता. तळहातावर चुंबक होता आणि त्याला साळिंदराच्या काट्यांसारखे तारेचे सहा तुकडे चिकटले होते.

"हे निघालं," ते म्हणाले. "पुढच्या भिंतीत एक भोक आहे. ताजं नाही. त्यातून जे गेलं, ते चुंबक घालायच्या आधीच गेलं असावं. ते हाताला लागलं नाही."

"मग आता?" उत्तमनं विचारलं.

"आता वाट बघायची."

दोन दिवस तिला मांडवातच ठेवली, मग दर गतिरोधकाला थांबत घरी आणली. टाके सुकायला लागले. जास्वंदी गवत खाऊ लागली, पाचव्या दिवशी तिनं शेवंतीच्या पदराला जीभ लावली. आठव्या दिवशी ती भरावावरून आपली आपण खाली आली. शेजारणी बघायला आल्या. उत्तमनं नारळ फोडला. सुदेश टेम्पो धुऊन, त्यातून चुंबक फिरवून गवत आणत होता. बापानं त्याला काही म्हटलं नव्हतं. पण त्याच्याकडं बघूनही बोलत नव्हता, आणि सुदेशला ते शिव्यांपेक्षा जड जात होतं.

अकराव्या दिवशी सकाळी शेवंती गायीची मान खाजवत असताना तिच्या बोटांखाली काहीतरी आलं. मानेची शीर. अंगठ्याएवढी जाड, ताठ, दोरखंड आत सरकवल्यासारखी. तिनं हात खाली नेला. गळ्याखालची कातड्याची पोळी लोंबत होती, मऊ, पाणी भरल्यासारखी. तिनं बोट दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला.

ओक डॉक्टर आले. त्यांनी छातीला नळी लावली, आणि मग ती शेवंतीच्या कानांत दिली. आत ठोका नव्हता. अर्धी भरलेली कळशी डोक्यावरून नेताना वाजते तसा आवाज होता.

"काळजाभोवती पू झालाय," ते म्हणाले. "याला औषध नाही."

"किती दिवस?"

"चार. पाच." आणि मग, जायच्या आधी, "त्या दिवशी मी विचारलं होतं, वहिनी." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी भर दुपारी जास्वंदी बसली, ती परत उठली नाही. उत्तमनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. इमारतीच्या पायाच्या खड्ड्याकडून जमिनीत पाइलचे खांब ठोकण्याचा आवाज येत होता, जमीन हादरत होती, आणि दर ठोक्याला तिचा कान हलत होता. मग ठोका पडला आणि कान हलला नाही.

सुदेश तेव्हा घरात नव्हता. त्यानं साइटवरून जेसीबी पाठवला, स्वतः आला नाही. शेवटच्या उरलेल्या खाचरात खड्डा खणला, मीठ टाकलं, हळद वाहिली. उत्तमनं ड्रायव्हरला विचारलं, "तुजा शेट कुठं हाय?" ड्रायव्हर म्हणाला, "दिव्याला गेलेत, मित्राच्या रूमवर. बोलले, आता तिकडेच राहणार."

तीन दिवस गेले. घरात स्टोव्हच्या आवाजाखेरीज आवाज नव्हता. चौथ्या सकाळी उत्तमनं चपला घातल्या. दिव्याच्या त्या चाळीवजा इमारतीत तो कधी गेला नव्हता. पत्ता त्यानं कमलेशकडून कागदावर लिहून घेतला होता.

संध्याकाळी गवत भरलेला टेम्पो फाटकाशी येऊन थांबला. उत्तम उतरून सरळ आत गेला. सुदेश इंजिन बंद करून आतच बसून राहिला. शेवंती बाहेर गेली आणि खिडकीशी उभी राहिली. त्याची दाढी वाढली होती, शर्ट तोच होता.

"बाबा बोलले मला," तो समोर बघत म्हणाला. "त्यांना आधीपासून माहीत होतं."

"हो."

"म्हणजे घरात आपण तीन माणसं, आणि तिघांनाही माहीत होतं."

गोठ्यातून उरलेल्या चार जनावरांनी टेम्पोचा आवाज ओळखून हंबरायला सुरुवात केली होती. त्यांना भूक लागली होती. सुदेश खाली उतरला. मागची फळी पाडायच्या आधी त्यानं मोबाइलचा टॉर्च लावला आणि गवताची पहिली पेंढी उचलून, काडी न् काडी वेगळी करत, गोठ्याच्या पायरीवर चाळायला बसला. थोड्या वेळानं उत्तम आतून आला, त्याच्या शेजारी बसला आणि दुसरी पेंढी त्यानं आपल्याकडं ओढली.